भिलाईआधीची मंडई

घुंगरू वेणूच्या मुठीत होतं. पितळेचं, बोराच्या बीएवढं, एका अंगानं चेपलेलं, आणि ती मूठ सावकाश, अगदी ठरवल्यासारखी तोंडाकडे निघाली होती... चंद्रकलेनं हातातलं सूप तिथंच सोडलं, तांदूळ सारवलेल्या ओसरीवर पसरले, आणि ओसरीवरून आत पाळण्यापाशी पोचेपर्यंत, एवढ्याशा अंतरात, तिच्या मनात सगळं होऊन गेलं होतं. घशात अडकलेलं घुंगरू, निळे पडलेले ओठ, तुमसरचा दवाखाना, आज गावात मंडईची जत्रा म्हणजे एसटी माणसांनी गच्च, कोण थांबवणार, कोण जागा देणार... तिनं एकेक बोट उलगडून घुंगरू काढून घेतलं. वेणूनं आधी आईच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं, आणि मग रडायला सुरुवात केली.

"काय झालं वं?" सासूबाई, शकुनबाई, चुलीपुढून ओरडल्या.

"घुंगरू होतं हातात. श्रावणभाऊजींचं. गिळलं असतं तर?"

"गिळलं त नाई ना? मंग! पोट्टी खेळून राहिली होती, तूच रडवलीस तिले. निजली त उठवतेस, हासली त रडवतेस. कालेजात हेच शिकवत होते का तुले?"

सासूबाईंच्या बोलण्याला धार असते पण विष नसतं, हे चंद्रकलेला दोन वर्षांत कळलं होतं. तिनं घुंगरू उंच फळीवर ठेवलं आणि खाली बसून तांदूळ गोळा करायला लागली. काल संध्याकाळी श्रावण इथंच ओसरीवर पाय पसरून पट्ट्यावर घुंगरं ओवत बसला होता, मांडीवर वेणू. तिच्या नवऱ्याची, इश्वरची, खडी गमतीची पार्टी होती, डफ-तुणतुण्यावर उभ्यानं रंगणारा खेळ, आणि त्यात बाई श्रावण होतो. एरवी तो धानाचा शेतकरी, दोन लेकरांचा बाप; दिवाळी आली की मिशी काढतो आणि होळी झाली की वाढवतो, आणि त्याची बायको सगळ्या आंबागडात सांगत फिरते की माह्या नवऱ्याची मिशी पाहाची असन त चैत्रात या.

चूक श्रावणची नाही, हे तिला कळत होतं. मोकळं घुंगरू कुठंही घरंगळतं. पण कुणावर तरी रागावणं आज तिला गरजेचं वाटत होतं, आणि ज्याच्यावर रागवायचं तो सकाळी चहा घेऊन, टोपी सारखी करत, मैदानात भोंगा कुठं बांधायचा ते पाहायला निघून गेला होता. जाताना दारात थांबला होता. काहीतरी विचारणार असं तिला वाटलं, तिनं कानावरचा पदरसुद्धा मागे सारला ऐकायला... तर म्हणाला, "आज ऊन लागन. पोरीच्या डोक्शावर फडकं घे." आणि गेला.

उद्या सकाळी तो भिलाईला निघणार होता, आणि तिथून पुढे पार होळीपर्यंत.

इश्वर शाहीर होता, स्वतःची गाणी स्वतः बांधणारा. लिहीत नसे. धानाच्या बांधीत, त्या भातखाचरात, पाणी सोडलं की बांधाच्या धुऱ्यावरून इकडून तिकडे चालत राही, ओठ हलत राहत, आणि पाणी भरेपर्यंत कडवं झालेलं असे. लग्न ठरलं तेव्हा तिचे बाबा म्हणाले होते, बी.ए. झालेली मुलगी गमतीवाल्याला द्यायची? मग त्यांनी शेत पाहिलं, विहीर पाहिली, आणि गप्प झाले. तिनं मात्र शेतही पाहिलं नव्हतं, विहीरही. तिनं पाहिलं होतं ते एवढंच, की पाहायला आलेला हा माणूस बोलताना खाली पाहतो आणि ऐकताना समोर.

लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात दौरा लहान होता. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई, सोयरेधायरे गोळा होतात, आणि ज्या गावची मंडई त्या गावाला गंमत लागतेच. नाकाडोंगरी, तुमसरच्या आसपासची गावं... तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी असे. दुसऱ्या हंगामात पार खाली लाखांदूरपर्यंत, इकडून तिकडे एसटी बदलत बदलत. आता हा तिसरा. दिवाळीच्या सुट्टीत भिलाईच्या कारखान्यातले आपल्या भागातले लोक गावी आले होते, त्यांनी नाकाडोंगरीच्या मंडईत इश्वरला ऐकलं आणि तिथंच आमंत्रण दिलं. भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, मग जमलं तर रायपूर. तिथं मोठी मैदानं, विजेचे दिवे, हजारो माणूस. भूगोलात तिला नकाशे भरायला आवडायचे. रात्री कूस बदलताना ती अजूनही मनात नकाशा भरते. आंबागडच्या किल्ल्याखाली एक ठिपका, त्याच्याभोवती एक वर्तुळ, त्याबाहेर मोठं वर्तुळ, आणि आता हे तिसरं, ज्याची कड नकाशाबाहेर जाते. ठिपक्यात आम्ही दोघी. वर्तुळावर कुठंतरी तो, चालतो आहे, ओठ हलताहेत... मी त्याला अडवते आहे असं नाही. मी फक्त पाहते आहे.

पण भिलाईकरांना एक गाणं हवं होतं. नाकाडोंगरीला ऐकलेलं, तेच गाणं.

तिनं ते अजून ऐकलेलं नव्हतं — म्हणजे त्याच्या तोंडून नाही. तिच्यापर्यंत ते शेजारच्या ललिताबाईकडून आलं, भाऊबीजेनंतर, विहिरीवर. ललिताबाई बहिणीकडे नाकाडोंगरीला मंडईला गेली होती. "वं चंद्रकला, तुह्यावरच गाणं बांधलं का वं भाऊजींनं? श्रावण्या असा बोट धरते पोट्टीच्या नाकापाशी... लोक हासून हासून लोळले बापा!" आणि तिनं दोर खाली ठेवून बोट धरून दाखवलं होतं. विहिरीवरच्या सगळ्या बाया हसल्या. चंद्रकलाही हसली. हसावंच लागतं. घागर भरून घरी आली आणि माजघरात उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपले कान तापले आहेत.

कारण ते खरं होतं. वेणू वीस दिवसांची होती तेव्हा पाजता पाजता दूध श्वासात गेलं. लेकरू निळं पडलं. शकुनबाईंनी पालथं करून पाठीवर थापट्या मारल्या आणि ती रडली — एवढंच, एका मिनिटाचा प्रकार. इश्वर तेव्हा लाखांदूरला होता, हजार माणसं त्याच्या डफाच्या तालावर डोलत असतील. त्याला तीन दिवसांनी कळलं. तेव्हापासून चंद्रकला रात्रीतून उठते, पुन्हा पुन्हा उठते, आणि झोपलेल्या वेणूच्या नाकाखाली बोट धरते. गरम वाफ बोटाला लागली की परत पडते. याबद्दल ती कुणाशी बोललेली नव्हती. हे काही सांगण्यासारखं नाही. शिकलेल्या बाईनं तर नाहीच नाही. आणि आता ते नाकाडोंगरीला माहीत आहे, आजपासून सोयऱ्याधायऱ्यांसकट सगळ्या आंबागडला माहीत होणार, परवापासून भिलाईला...

गाण्याच्या ओळी ललिताबाईच्या लहान पोरीनंच तिला म्हणून दाखवल्या होत्या, उडी मारता मारता:

झोप आली दाराशी, म्हणे येऊ का घरात?
माय म्हणे, थांब बाई, श्वास घेऊ दे हातात.

चांगल्या होत्या. हेच तर वाईट होतं. वाईट असत्या तर रागावता आलं असतं सरळ.

"वयनी! आहा का घरी?"

श्रावण. आवाज अजून पुरुषाचा, पण चेहऱ्यावर पावडरचा पहिला हात झालेला, आणि डोक्याला फडकं. तो ओसरीच्या पायरीवरच उभा राहिला, बूट काढू की नको अशा विचारात.

"घुंगरू विसरलात तुम्ही. पोरीच्या हातात होतं."

"अरे बापा!" त्यानं जीभ चावली. "मी मोजत होतो रातभर, एक कमी येऊन राहिलं होतं. काही झालं त नाई ना तिले?" आणि तिनं मान हलवल्यावर तो तिथंच उकिडवा बसला. "वयनी, मी पातळ मागाले आलो."

तिला माहीत होतं. पार्टीची ती पद्धतच होती. जिथली मंडई तिथलं लुगडं. श्रावण आपलं पातळ नेसून कधी उभा राहत नसे. ज्या गावात गंमत त्या गावातल्या एखाद्या घरून मागून आणी, आणि मग बायांमध्ये कुजबुज सुरू होई — अवो, हे त पाटलीणबाईचं! — आणि त्या कुजबुजीनंच अर्धी गंमत उभी राही. आंबागडात गेल्या वर्षी त्यानं सरपंचाच्या घरचं आणलं होतं.

"माझंच कशाला?"

"इश्वरनं सांगतलं." तो खाली पाहत म्हणाला. "म्हणे, घरून पातळ मिळालं तर ते गाणं म्हणू. नाई मिळालं तर नाई म्हणत — इथंबी नाई, भिलाईलेबी नाई. भिलाईच्या माणसायले तसंच सांगून ठेवलं त्यानं. ते म्हणते, मंग येऊन काय करता? त्या गाण्यासाठीच त बलावलं आमी."

म्हणजे हे असं. सकाळी दारात थांबून ऊन लागेल म्हणाला, आणि हा प्रश्न पाठवला श्रावणच्या हातून. हजार माणसांपुढे उभा राहून मनातलं बोलतो, आणि घरात, स्वतःच्या बायकोला... नाही, हे खरं नाही. तिनं मनातच दुरुस्त केलं. त्यानं माझ्यावर सोडलं आहे, अख्खी भिलाई माझ्या एका पातळावर टांगून ठेवली आहे, आणि समोर उभा राहिला असता तर त्याचा चेहरा पाहून मी नाही म्हणू शकले नसते, म्हणून समोर आलेला नाही. हे तिला कळलं आणि त्यामुळे राग आणखी वाढला. समजून घ्यायला लावणाऱ्या माणसावर जो येतो तसा.

"भाऊजी, लोक फार हसतात का?"

श्रावणनं जरा विचार केला. "हासते. सुरवातीले हासते." मग उत्साहानं, "वयनी, माहा घोर दुसराच हाये. भिलाईचं मैदान लय मोठं म्हणते. मागच्या माणसाले माहं एक बोट दिसन का? मी म्हणलं इश्वरले, हात मोठा करू, असा पुरा हात फिरवून आणू. तो म्हणते नाई. बोट ते बोटच. दिसन त्याले दिसन."

बोट ते बोटच. शकुनबाई दाराशी येऊन उभ्या होत्या, हात पिठाचे. त्या काही बोलत नाहीत हेच नवल होतं.

"कोणतं देऊ?" चंद्रकला शेवटी म्हणाली. "लग्नातलं आहे, दिवाळीचं आहे—"

"नवं नको वयनी. रोजचं द्या. नेसून नेसून मऊ झालेलं. नव्या पातळात माय वाटत नाई मी."

तिनं दोरीवरचं हिरवं पातळ ओढलं, घडी केली, आणि त्याच्या हातात देताना धरून ठेवलं. "आजच्यापुरतं. आज मी पाहीन. भिलाईचं मी संध्याकाळी सांगीन त्यांना. त्यांना म्हणावं, मला विचारायला स्वतः या."

"सांगतो." श्रावणनं पातळ छातीशी धरलं आणि, सवयीनं असेल, त्याचा हात घडीखाली असा गेला जसा झोपलेल्या लेकराच्या मानेखाली जातो.

दुपारी मैदानात जायला निघताना तिनं वेणूच्या कानात कापूस घातला. भोंग्याचा आवाज नाजूक कानांना बरा नाही. टोपडं, त्यावर फडकं, फडक्यावर पदर... "हे पोट्टी हाये का लोणच्याची बरणी?" शकुनबाई म्हणाल्या, पण वाटेत गर्दी दाटली तेव्हा पुढे होऊन कोपरांनी रस्ता त्यांनीच केला. मंडई रंगात होती. शिंगाड्यांचे ढीग, ऊस, बांगड्यांची दुकानं, आकाशपाळण्याचा करकराट, तळलेल्या भज्यांचा वास आणि त्याच्यावर धूळ. पलीकडे कापणीला आलेलं उशिराचं भारी धान उभं, आणि त्याच्याही पलीकडे किल्ल्याचा डोंगर. बायांच्या घोळक्यात ललिताबाईनं तिला जागा केली. सगळ्यांनी सरकून, जरा जास्तच सरकून जागा केली, आणि तिला वाटलं की आपण परीक्षेला बसलो आहोत आणि पेपर आपल्यालाच माहीत नाही, बाकी सगळ्यांना माहीत आहे.

इश्वर रिंगणात आला. फेटा, हातात डफ. तिनं त्याला अशा ठिकाणी फार कमी पाहिलं होतं. घरात तो कमी जागा घेतो, कोपऱ्यात बसतो, ताट गुडघ्यापाशी ओढतो. इथं त्याला मैदान पुरत नव्हतं. त्याची नजर बायांच्या बाजूला एकदा फिरली, थांबली, पुढे गेली. आणि मग श्रावण आला, आणि घोळका उसळला — "अवो, हिरवं! हे कोणाचं?" — "काय इचारता, शायरिणबाईचं!" — कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. पातळ तिचं होतं, पण चालणंही तिचं होतं. डावा खांदा किंचित वर. पदराचं टोक दातात. हे मी करते? मी दातात पदर धरते? तिनं नकळत ओठांना हात लावला.

गाणं सुरू झालं. श्रावणनं फडक्याच्या गाठोड्याला जोजवलं, ठेवलं, आडवा झाला, दचकून उठला, बोट धरलं, परत आडवा झाला, परत उठला. लोक हसले, प्रत्येक उठण्याला जास्त हसले, आणि चंद्रकला त्या हसण्यात ताठ बसून राहिली, कारण ते ललिताबाईनं सांगितलं होतं तसंच होतं, तंतोतंत, आणि ती मनात संध्याकाळचं वाक्य जुळवत होती. साधं, शांत. आपलं घरातलं घरात राहू द्या, एवढंच म्हणते मी...

थांबू थांबू झोप थकली, उंबऱ्याले टेकली,
माय जागी ते जागीच, झोपच बिचारी निजली.

हसणं ओसरायला लागलं होतं. डफ थांबला, फक्त तुणतुणं राहिलं. इश्वर रिंगणाच्या मधोमध जमिनीवर आडवा झाला, डोळे मिटून, झोपलेल्या नवऱ्यासारखा. श्रावण गाठोड्याकडून उठला. वाटलं आता तोही पडेल, संपेल. पण तो दोन पावलं आला, वाकला, इकडे तिकडे पाहिलं, चोरासारखं, आणि इश्वरच्या नाकाखाली बोट धरलं. थांबला. बोट काढलं. पदरानं पुसलं. आणि जाऊन गाठोड्यापाशी आडवा झाला.

एवढ्या मोठ्या मैदानात कुणी हसलं नाही. दूरच्या पाळण्याचा करकर आवाज तेवढा येत होता. ललिताबाईनं हे सांगितलं नव्हतं. कदाचित ती तेव्हा डोळे पुसत असेल, आत्ता पुसत होती तशी.

हे कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंना नाही, श्रावणला कसं असेल, कुणालाच नाही. वेणूचा श्वास पाहून झाला की ती अंधारात हात लांब करते आणि त्याचाही पाहते. तो घरी असला की. का, ते तिनं स्वतःलाही विचारलेलं नाही. माणूस इतकं फिरतो, इतक्या वाहनांत चढतो-उतरतो, आणि एखाद्या रात्री इथं असतो, म्हणून... तो गाढ झोपलेला असे. घोरत नसे, पण गाढ. असं ती धरून चालली होती. दर वेळी.

तो जागा होता.

सगळ्या त्या रात्री तो जागा होता, डोळे मिटून, श्वास एकसारखा ठेवून, तिच्या बोटाला वाफ लागावी म्हणून. मी त्याला पाहत होते आणि तो मला पाहत होता, न पाहता. तिला वाटलं आपला चेहरा उघडा पडला आहे, इतका, की आता त्यावर काही झाकायला राहिलंच नाही. आणि चमत्कारिक असं की त्यात हलकं वाटत होतं, खांद्यावरून कुणी ओझ्याचं एक टोक उचलून धरावं तसं. तिनं संध्याकाळचं वाक्य शोधलं. घरातलं घरात... पुढचं येईना. भिलाईला हो म्हणायचं का नाही, ते अजूनही तिला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की ते आता रागानं ठरणार नाही.

लोकांनी एकदम टाळ्या वाजवल्या तेव्हा वेणू दचकली. शकुनबाईंनी तिला ओढून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि कुणाकडेही न पाहता म्हणाल्या, "इश्वर बापासारखाच हाये. त्याचा बापबी असाच पडून राहे. मले वाटे निजला."

रिंगणात इश्वर उठून बसला होता. पाठीला लागलेली माती श्रावण झटकत होता, हिरव्या पदरानंच. इश्वर दमलेला दिसत होता, फेट्याखाली डोळे ओढलेले, आणि तिच्या मनात हळूहळू, पायात काटा शिरावा तसा, एक नवाच घोर शिरत होता. गावोगावच्या त्या रात्री, त्या एसट्या, त्या दिवसाच्या आणि दिव्यांच्या मंडया, आणि घरी आला की हे असं... म्हणजे मग हा माणूस झोपतो तरी कधी?